सेसना १५२ चा वॉकअराऊंड: कुठे नुसतं बघायचं आणि कुठे थांबायचं

फ्लाइंग क्लबात नवीन आलेल्या पोरापोरींना पहिल्याच आठवड्यात चेकलिस्टचं लॅमिनेट केलेलं कार्ड मिळतं, दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते तोंडपाठ होतं, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. वॉकअराऊंड, म्हणजे उड्डाणाआधीची विमानाभोवतीची तपासणीची फेरी, चार मिनिटांत उरकली जाते, बोट फिरतंय, तोंडाने 'हिंज सिक्युअर, टायर ओके, ऑइल ओके' चालू आहे आणि लक्ष मात्र सर (इन्स्ट्रक्टर) डिस्पॅचच्या ऑफिसातून निघाले का तिकडे. हात कुठे लावायचा ते कार्डावर असतं, पण तिथे काही बिघडलेलं असेल तर ते दिसतं कसं हे कार्डावर मावत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. लिहिलंय ते १५२ धरून, कारण आपल्याकडे दोन सीटचं ट्रेनर म्हटलं की बऱ्याच ठिकाणी अजून हेच समोर येतं. तुमच्याकडे हंसा असेल, टेकनाम असेल, तर आकडे वेगळे, बघायची पद्धत तीच. आकडे स्टँडर्ड टाकीच्या मॉडेलचे आहेत, तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये काही वेगळं असेल तर मॅन्युअलचंच ऐकायचं, माझं नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. १५२ बनली १९७७ ते १९८५ ह्या काळात, साडेसात हजारांवर बनली, म्हणजे तुमच्या वाट्याला येईल ते विमान सगळ्यात तरुण असलं तरी चाळिशीचं आहे, आणि ही चाळीस वर्षं त्याने शिकाऊ लोकांच्या हातून आपटून घेण्यात घालवलीत. क्लबाच्या विमानाचं नशीबच ते. जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ ला निघाला तेव्हा मॉथ विमानं आपटायची, १९५८ ला बंगलोरला एचएएलचं कापडी अंगाचं, नव्वद हॉर्सपॉवरचं पुष्पक पहिल्यांदा उडालं आणि मग देशभरच्या क्लबांत ते आपटायला लागलं, आता सेसना. (जेआरडींनी जुहूलाच शिकून १० फेब्रुवारी १९२९ ला लायसन्स नंबर १ घेतलं, त्यांचीही सगळी लँडिंग लोण्यासारखी झाली असतील असं मला वाटत नाही.) त्यामुळे फेरी मारताना मनात प्रश्न एकच ठेवायचा, की माझ्या आधीच्याने ह्याचं काय करून ठेवलंय.

म्हणूनच सुरुवात विमानापासून करायचीच नाही, टेक लॉगपासून, म्हणजे विमानाच्या नोंदवहीपासून करायची. कालचा शेवटचा सॉर्टी (उड्डाण) कोणाचा, किती सर्किट (उडून, वळसा घेऊन परत उतरायच्या फेऱ्या) मारली, स्नॅग (बिघाड) लिहिलाय का, लिहिला असेल तर खाली एएमईची, म्हणजे मेंटेनन्स इंजिनिअरची सही आहे का, पुढची तपासणी किती तासांवर आलीय. पहिल्या सोलोवाल्याने आदल्या संध्याकाळी सर्किट मारली असतील तर नोज व्हीलपाशी दोन मिनिटं जास्त. लॉग कोरा आहे म्हणजे विमान ठणठणीत आहे असं अजिबात धरू नका, कित्येक जण स्नॅग तोंडी सांगतात आणि घरी जातात.

मग वजन. हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि दोन सीटच्या विमानात जास्तीत जास्त लोक इथेच गंडतात. १५२ चं टेकऑफचं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं वजन प्रत्येक विमानाचं वेगळं, ते वेट शेड्यूलवर असतं, समजा ५३० निघालं, तर तुमच्या हातात राहिले २२७ किलो आणि त्यात माणसं, बॅग आणि पेट्रोल सगळं बसवायचं. एव्हीगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला साधारण ०.७२ किलो. सर ८२, तुम्ही ७४, हेडसेट-पुस्तकांची बॅग ५, झाले १६१, उरले ६६ किलो म्हणजे ९२ लिटर, टाक्या जवळपास फुल चालतील (वापरता येणारं पेट्रोल ९३ लिटरच्या आसपास असतं). आता दोघंही नव्वदचे आहेत असं धरा, बॅग तीच, १८५ झाले, उरले ४२, म्हणजे ५८ लिटर. तासाला २३ लिटर धरले तर अडीच तास, त्यातून रिझर्व्ह काढा. सर्किटला भरपूर झालं, पण क्रॉस कंट्रीला निघताना 'भरून टाका दादा टाक्या' म्हणालात तर धावपट्टीवर जायच्या आधीच विमान ओव्हरवेट. आणि पेट्रोल एकदा भरलं की काढायला कोणी तयार नसतं, म्हणून आकडेमोड बाउझर (पेट्रोलचा टँकर) यायच्या आधी करायची, नंतर नाही. वजन स्वतःचं खरं सांगा, बुटांसकट, तिथे लाजून चालत नाही. आणि सामान मागे टाकताना बॅलन्सचा ग्राफ पण बघा, सीजी (गुरुत्वमध्य) मागे गेला की स्पिनमधून (गरगर फिरत खाली कोसळण्यातून) बाहेर यायला त्रास होतो.

आपल्याकडे ह्याच्यात उन्हाळ्याची भर पडते. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आसपास, मे महिन्यात पारा ४२ वर, की डेन्सिटी अल्टिट्यूड साडेचार हजार फुटांच्या घरात जाते, म्हणजे विमान जमिनीवर उभं आहे आणि इंजिन-पंखांना हवा साडेचार हजार फुटांवरची मिळतेय. इंजिन ११० हॉर्सपॉवरचं, पुस्तकातला मिनिटाला ७१५ फुटांचा क्लाइंब समुद्रसपाटीचा, पंधरा डिग्रीचा. दुपारी दोनला त्यातलं किती शिल्लक राहतं ते परफॉर्मन्सच्या पानावर स्वतः काढून बघा, पहाटेच्या स्लॉटसाठी सिनियर लोक का भांडतात ते लगेच कळेल.

आता विमान. केबिनमधून सुरुवात. योक (विमानाचं स्टिअरिंग) अडकवून ठेवणारा कंट्रोल लॉक काढायचा, तो नीट बघा, ओरिजिनल लॉकला लाल पट्टी असते आणि ती बरोबर इग्निशनच्या किल्लीवर येते, म्हणजे लॉक काढल्याशिवाय किल्ली फिरवताच येऊ नये अशी सोय केलेली आहे. लॉक हरवला म्हणून कोणी त्या भोकात खिळा किंवा बोल्ट अडकवून ठेवला असेल तर तो काढा आणि लॉगमध्ये लिहा, कारण खिळा दिसत नाही आणि जाम योक घेऊन लोक खरंच टेकऑफ रोलला गेलेत. किल्ली ऑफ आणि काढून डॅशबोर्डवर, लांबून दिसेल अशी. मास्टर ऑन, फ्युएल गेज बघा (विश्वास ठेवायचा नाही, फक्त बघायचं), फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली येणारे पट्टे) पूर्ण खाली ३० डिग्रीपर्यंत, मोटरचा आवाज एकसारखा आहे का ऐका, लाइट लागतात का बघा, मास्टर ऑफ. जुन्या १५० ला फ्लॅप ४० पर्यंत यायचे, १५२ ला कंपनीने ३० वर थांबवले, कारण ४० वर गो-अराऊंड मारायचा (उतरता उतरता परत वर जायचं) म्हणजे विमान चढायलाच मागत नाही. फ्युएल शटऑफ ऑन. ह्या विमानात डावी-उजवी टाकी निवडायची भानगडच नाही, पंख वर, पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली, एकच कॉक.

आत आहात तोवर सीट. सेसनाची सीट रेलवरून पुढे-मागे सरकते आणि एका पिनवर रेलच्या भोकात लॉक होते, वर्षानुवर्षं घासून ती भोकं लांबट होतात, पिन अर्धवट बसते, आणि मग टेकऑफला नाक वर उचललं की सीट मागे. माणूस पडतोय म्हटल्यावर हाताला जे लागेल ते धरतो, हाताला लागतं योक. विमान सरळ वर आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच संपते. १९८७ सालीच अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान नियामक संस्थेने) ह्या रेलच्या तपासणीचा एडी (सक्तीचा आदेश) काढला, त्यावरून समजा. तर सीट लावली की बूड उचलून दोन-तीनदा जोरात मागे-पुढे झटका द्यायचा, नुसती 'टक' ऐकून समाधान मानायचं नाही. टेकऑफच्या आधी परत एकदा.

शेपटीकडे जाताना फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) बाजूने तिरक्या नजरेने बघत जा, सकाळचं तिरपं ऊन असेल तर उत्तमच, पत्र्यावरची सुरकुती त्याच उजेडात दिसते. रिव्हेटच्या मागे काळपट ओघळ दिसला तर तो रिव्हेट ढिला झालाय आणि आत घासतोय, नखाने खाजवून काळं निघालं आणि पुसलं म्हणून विषय संपत नाही, एएमईला दाखवा. शेपटीखालची टाय-डाऊनची (विमान बांधून ठेवायची) कडी बघायला खाली वाकावं लागतं म्हणून कोणी वाकत नाही. ती घासून चकचकीत झालेली असेल तर कोणीतरी लँडिंगला शेपूट टेकवलीय, आणि लॉगमध्ये बहुतेक काहीच लिहिलेलं नसेल. एलेव्हेटर (शेपटीचा आडवा हलणारा भाग) वर-खाली, बिजागऱ्या, बोल्ट, स्प्लिट पिन, उजव्या बाजूची ट्रिम टॅब.

रडरपाशी (शेपटीचा उभा हलणारा भाग) मात्र थांबा. १९९८ साली कॅनडात क्युबेकमध्ये एक १५२ इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थ्याला घेऊन स्पिनचा सराव करत होतं ते स्पिनमधून बाहेरच आलं नाही, आणि तपासात रडर डावीकडे पूर्ण जाऊन स्टॉपच्या (त्याला मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या अडसराच्या) पलीकडे अडकलेला सापडला. पुढे २००९ ला एफएएने १५० आणि १५२ साठी एडी काढला, एकतर सुधारित रडर स्टॉपचा किट बसवा नाहीतर स्पिन मना असल्याची पाटी लावा. तर तुमच्या विमानाच्या पॅनलवर ती पाटी आहे का ते बघा, असेल तर त्यात स्पिन नाही म्हणजे नाही, सर कितीही अनुभवी असोत. पाटी नसेल तर किट बसलंय का ते एएमईंना विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. आणि बाहेरून रडरच्या बुडाशी दोन्ही बाजूचे स्टॉप दिसतात ते सरळ आहेत का, वाकलेत का, बोल्ट जागेवर आहेत का, केबलच्या टोकांना सेफ्टी वायर आहे का. हाताने रडर हलवताना जोर लावायचा नाही, ते नोज व्हीलला जोडलेलं असतं.

उजवा पंख. फ्लॅपचे रोलर आणि त्यांचा ट्रॅक बघा, पुशरॉड हाताने हलवून बघा, एलेरॉन (पंखाच्या टोकाकडचा हलणारा भाग) वर करा आणि त्याच वेळी दुसऱ्या पंखाचा खाली जातोय का ते बघायला मान वळवा. टायर: मेनला २१ पीएसआय, पुढच्याला ३०. टायरवर एका जागी सपाट टक्कल दिसलं तर कोणीतरी ब्रेक लॉक करून उतरलंय. टायर आणि रिमवर मिळून एक रंगाची रेघ मारलेली असते ती तुटून बाजूला सरकली असेल तर टायर रिमवर फिरलाय आणि आत ट्यूबचा व्हॉल्व्ह ओढला जातोय. ब्रेकपाशी लाल तेलाचा ओघळ. झालं.

पेट्रोलला मात्र घाई नाही. गेज काय दाखवतंय ते सोडा, स्टूल घ्या, वर चढा, झाकण उघडा, आत डोकावा आणि डिपस्टिक घाला. डिपस्टिक त्याच विमानाची पाहिजे आणि विमान सपाट जागी उभं पाहिजे. दोन्ही टाक्या, दोन्ही झाकणं, प्रत्येक वेळी. झाकण लावताना नीट बसलंय का ते हाताने ओढून बघा, कारण पंखाच्या वरच्या बाजूला उडताना प्रेशर कमी असतं आणि ढिल्या झाकणातून पेट्रोल बाहेर खेचलं जातं, खाली बसून तुम्हाला दिसतही नाही. झाकणाखालचं रबर तडकलेलं असेल तर उलटा कार्यक्रम, पावसाचं पाणी आत. जून ते सप्टेंबर रात्रभर बाहेर उभं राहिलेलं १५२ असेल तर पाणी निघणारच असं समजूनच ड्रेन करायचं.

ड्रेनची पद्धत: पंखाखालचा ड्रेन दाबून पारदर्शक कपात चांगलं अर्धा कप घ्या, चार थेंब नाहीत. पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं, थेंब दिसतो, मध्ये रेघ दिसते. फसगत कुठे होते सांगतो, कपात सगळं पाणीच आलं तर रेघ दिसणार कुठून, एकदम स्वच्छ सॅम्पल दिसतं आणि लोक 'क्लीन' म्हणून पुढे जातात. म्हणून रंग बघायचा. १०० एलएल, म्हणजे आपलं एव्हीगॅस, निळसर असतं, कप पांढऱ्या कागदासमोर किंवा पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर धरा, निळा दिसला पाहिजे. वास घ्या. बोटावर थेंब घ्या, एव्हीगॅस लगेच उडून जातं आणि बोट गार पडतं, पाणी तसंच राहतं. चुकून जेट फ्युएल मिसळलं असेल तर निळेपणा फिका पडतो आणि रॉकेलसारखा वास येतो, कागदावर थेंब टाकून वाळू दिला तर तेलकट डाग मागे राहतो. विमानतळावर टर्बोप्रॉप पण भरून जात असतील तर ही शंका घ्यायलाच हवी.

पाणी निघालं तर निघत राहील तोवर काढायचं, मग पंखाचं टोक धरून हळू डोलवायचं, थोडं थांबायचं आणि परत काढायचं, कारण पाणी टाकीच्या कोपऱ्यात अडून बसतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पण येतंय तर उड्डाण नाही, एएमईंना हाक मारा. भरल्यानंतर लगेच ड्रेन करण्यात अर्थ नाही, पाणी खाली बसायला वेळ द्या, तोवर बाकीची फेरी मारा. बॅरलमधून हातपंपाने भरलं असेल तर दुप्पट काळजी. २०२२ पर्यंत आपल्याकडे एव्हीगॅस सगळं बाहेरून यायचं, त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं, पण ते इथलं असो की तिथलं, बॅरलच्या झाकणावर साचलेलं पाणी कुठेही तसंच आत जातं. आणि कपातलं सॅम्पल परत टाकीत ओतू नका, गवतावरही नको, डबा ठेवलेला असतो त्यात.

आता नाक. ऑइलच्या झाकणातून डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. चारच्या खाली असेल तर इंजिन लावायचंच नाही, लांब जायचं असेल तर सहापर्यंत भरा, हे क्वार्टमध्ये असतं, लिटर समजून घोटाळा करू नका. त्याच झाकणातून आत हात घातला की स्ट्रेनरच्या (पेट्रोलच्या गाळणीच्या) ड्रेनची नॉब मिळते, ती चार सेकंद ओढायची, सोडली की खाली वाकून थेंब थांबलेत का ते बघायचं, तो अर्धवट उघडा राहिला तर पेट्रोल गळत राहतं. त्याच झाकणातून आणि प्रॉपेलरच्या मागच्या दोन भोकांतून टॉर्च मारून आत बघा. साळुंक्यांना सेसनाचं इंजिन फार आवडतं, गरम, कोरडं, वाऱ्यापासून आडोसा, एका दुपारीत गवताचा ढीग आत जमतो आणि सिलिंडरच्या पंखांत (थंडाव्यासाठीच्या पातळ पट्ट्यांत) अडकलेलं वाळलं गवत इंजिन तापल्यावर काय करेल हे सांगायला नको. बाहेर काउलिंगवर पांढरी शीट आणि चार काड्या दिसल्या तर समजून जा. अल्टरनेटरचा बेल्ट, एअर फिल्टर, एक्झॉस्टचा पाइप (इंजिन थंड असेल तरच हात लावा).

प्रॉपेलरच्या पुढच्या कडेवरून नजर फिरवा, खडीची टीच दिसली तर नखाने चाचपा, नख अडकलं तर एएमईंना दाखवा, ते कानस मारून गुळगुळीत करतात, नाहीतर तिथूनच तडा सुरू होतो. प्रॉपेलर हाताने फिरवायचा नाही, किल्ली ऑफ असली तरी नाही. मॅग्नेटोला (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राला) बॅटरी लागत नाही, त्याला बंद ठेवणारी एक बारीक वायर असते, ती आतून तुटलेली असेल तर किल्ली ऑफ असताना पण इंजिन पेट घेऊ शकतं. म्हणून प्रॉपेलर कायम 'चालू आहे' असं समजून उभं राहायचं.

आणि नोज व्हील, जे क्लबाच्या विमानात सगळ्यात जास्त मार खातं. स्ट्रट (धक्का झेलणारा दांडा) पार खाली बसलाय का, सिझर लिंकचे बोल्ट, शिमी डॅम्परचं (चाकाची थरथर दाबणाऱ्या भागाचं) तेल गळतंय का. मग गुडघ्यावर बसा आणि नोज गियर जिथे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) जाऊन मिळतो तिथला पत्रा खालून बघा. पोर्पॉइज झालेलं लँडिंग, म्हणजे नाकावर आपटून उसळी, परत आपटून उसळी, त्याची खूण इथे राहते: पत्र्याला बारीक लाट, रंगाला केसासारखी चीर, एखाद-दोन रिव्हेट वर आलेले. शंका आली तर उडू नका. तुमचा स्लॉट जाईल, बोंबाबोंब होईल, होऊ दे.

डावा पंख तसाच, टायर, टाकी, ड्रेन. त्याच्या पुढच्या कडेला मात्र तीन छोटी भोकं आहेत. पिटोचं (विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीचं) कव्हर काढा आणि आत बघा, कुंभारीण माशी दोन दिवसांत चिखलाने बुजवून टाकते, फुंकर मात्र मारू नका, एअरस्पीड इंडिकेटरची वाट लागते. फ्युएल व्हेंट (टाकीत हवा जायचं भोक) पंखाला आधार देणाऱ्या स्ट्रटजवळ पंखाखाली असतो, तोही ह्याच माशीच्या आवडीचा, तो बंद झाला की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल असूनही इंजिनला पोचत नाही. तिसरं स्टॉल वॉर्निंगचं भोक, ह्यात वीज-बिज काही नाही, हवेवर वाजणारी पट्टी आहे, स्वच्छ रुमाल लावून तोंडाने हवा आत ओढली की जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येतो. लाज वाटते लोकांना, तरी करा. डाव्या बाजूला फ्युजलाजवर स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं भोक) आहे, विमान धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे चिकटपट्टी राहिलेली असू शकते. दोन्ही पंखांच्या आणि शेपटीच्या दोऱ्या सोडल्या का? चाकांना लावलेले अडसर, चॉक्स? विमान ओढायचा दांडा, टो बार? टो बार नाकाला तसाच लावून इंजिन सुरू करणारे महाभाग सगळीकडे असतात.

इंजिन सुरू करायच्या आधी खिडकी उघडून 'क्लिअर प्रॉप' ओरडा आणि मग दोन सेकंद थांबा, ओरडत ओरडत किल्ली फिरवली तर समोरच्याने बाजूला व्हायचं कधी. सुरू झालं की तीस सेकंदांत ऑइल प्रेशर आलं पाहिजे, नाही आलं तर बंद.

रन-अपला, म्हणजे टेकऑफआधीच्या इंजिनच्या चाचणीला, १७०० आरपीएम. एकेक मॅग्नेटो बंद केल्यावर आरपीएमचा ड्रॉप १२५ च्या आत आणि दोघांमधला फरक ५० च्या आत. ड्रॉप जास्त आला तर बहुतेक वेळा प्लगवर काजळी असते, मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) करून थोडं चालवून बघतात, पण ते सरांसमोर. आणि ड्रॉप अजिबातच आला नाही तर 'वा, काय मस्त इंजिन' म्हणू नका, मॅग्नेटो बंदच होत नाहीये, वर ती तुटकी वायर सांगितली ना, तीच. कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा) ओढली की आरपीएम थोडा उतरला पाहिजे. पावसाळ्यात इथे दोन सेकंद जास्त द्या: हवा चोवीस डिग्रीची पण दमट आहे, कार्बुरेटरच्या आत तापमान एकदम वीस डिग्रीहून जास्त घसरू शकतं, आणि आपल्याकडे कुठलं आलंय आइसिंग म्हणता म्हणता आत बर्फ धरतो. हीट दिल्यावर आरपीएम उतरून, इंजिन थोडं खोकून, मग आपोआप वर चढला तर बर्फ होता आणि वितळला. सक्शन गेज (जायरोची उपकरणं चालवणारी हवेची ओढ) ४.६ ते ५.४. कंट्रोल पूर्ण फिरवून बघा, योक डावीकडे तर डावा एलेरॉन वर, डोळ्याने बघून, विशेषतः मेंटेनन्समधून आलेल्या विमानात, केबल उलट्या जोडल्या गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ट्रिम टेकऑफला, दारं बंद. दार हवेत उघडलंच तर घाबरू नका, १५२ उडत राहतं, आवाज आणि वारा खूप येतो इतकंच, दाराशी झटापट करताना लोक विमान उडवायचं विसरतात, ते होऊ देऊ नका.

परत आल्यावर घाई सुटते, भूक लागलेली असते. मिक्स्चर ओढून इंजिन बंद, किल्ली बाहेर, मास्टर ऑफ (लाल बीकनचा स्विच ऑन ठेवायची सवय असेल तर मास्टर विसरला तरी बाहेरून दिसतं), कंट्रोल लॉक, पिटो कव्हर, दोऱ्या. पावसाळ्यात रात्रीसाठी टाक्या भरून ठेवलेल्या बऱ्या, रिकाम्या जागेत दव धरतं, फक्त सकाळी पहिली जोडी वजनदार असेल तर आधी डिस्पॅचला विचारा. आणि लँडिंग आपटलं असेल तर टेक लॉगमध्ये 'हार्ड लँडिंग' एवढे दोन शब्द लिहा, सर चिडले तरी लिहा, एएमई अर्ध्या तासात नाक तपासून मोकळं करतील नाहीतर उभं ठेवतील, काय ते त्यांनी ठरवायचं.